मुकुटबनचे खोके आणि समोरचा गडी

तुळशीचे लग्न लागले, की विदर्भात लग्नांचा हंगाम सुरू होतो. गेल्या हंगामात वणीला एका विवाहासाठी जाणे झाले आणि मुकुटबनला मावसबहिणीचे घर असल्याने वाट वाकडी करणे भागच पडले. झरी-जामणी तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राच्या अगदी कडेचे. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. बाजाराच्या दिवशी चौकात उभे राहिले तर मराठी, तेलुगू आणि कोलामी अशा तीन भाषा एकाच वेळी कानांवर पडतात. वर कापूस आणि खाली कोळसा व चुनखडी अशी येथील भूमीची रचना आहे. २०२२ साली येथे मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला आणि पूर्वी बैलगाड्यांनी गजबजणाऱ्या रस्त्यावर आता ट्रकच्या रांगा दिसतात. पैसा थोडाफार आला, त्याच्याबरोबर भ्रमणध्वनीचे मनोरेही आले.

चहा होतो न होतो तोच बहिणीने तक्रार मांडली. "दादा, तूच समजाव आता ह्या पोराले. कॉलेजातून आला का त्या खोक्यापाशी बसते. आमाले वाटते, हाही त्याच वाटेनं गेला."

'त्याच वाटेनं' म्हणजे कोणत्या, हे मला ठाऊक होते. तिच्या धाकट्या दिराने तीन वर्षांपूर्वी कापसाच्या चुकाऱ्याची सारी रक्कम भ्रमणध्वनीवरील रमीत घालविली होती. रात्री पांघरुणात तोंड खुपसून तो खेळत असे आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. सावकाराचा माणूस दारात आला तेव्हा सर्व उघड झाले. त्या घराने त्यानंतर एक एकर विकले. अशा घरातील आईला 'गेम' हा शब्दच विषासमान वाटत असेल तर तिला दोष कसा द्यावा?

मी भाच्याच्या खोलीत गेलो. तंत्रनिकेतनच्या दुसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा मांडीवर सागाच्या फळीचे एक खोके घेऊन बसला होता. डाव्या बाजूला लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला लाल गोळा. उजवीकडे दोन ओळींत आठ गोल कळा. असे काहीतरी आपण पूर्वी पाहिले आहे, ही जाणीव मला त्या लाल गोळ्याने करून दिली. "मामा, हे पैशाचा गेम नाय जी," तो लगेच म्हणाला. "हे लढतीचा गेम आहे. समोर माणूस लागते याले."

वाचकांपैकी जे पन्नाशीच्या आसपास आहेत त्यांना आठवत असेल. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' हा खेळ आला आणि पुढील दोन-चार वर्षांत आपल्या शहरांतील बसस्थानकांच्या आसपास, चित्रपटगृहांच्या जिन्याखाली, पानठेल्यांच्या मागच्या खोलीत त्याची उंच कपाटासारखी यंत्रे उभी राहिली. मी तेव्हा नागपुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. सीताबर्डीवरील अशाच एका कोंदट खोलीत वाङ्मयाच्या तासाला दांडी मारून मी काही रुपये उधळले आहेत, हे आज मान्य करायला हरकत नाही. नाणे टाकायचे आणि जिंकेल त्याने यंत्रावर टिकून राहायचे, हरेल त्याने मागे रांगेत जायचे, असा तेथला रिवाज होता. चहाच्या टपरीवर कपबशा विसळणारा एक पोरगा आम्हा महाविद्यालयीन वीरांना ओळीने लोळवीत असे. त्याला ना जात विचारली जाई, ना इयत्ता. त्याच्या मनगटातील कसब सर्वांना दिसत होते आणि तेवढे पुरेसे होते.

त्या कपाटावरील दांडा आणि कळा तेवढ्या काढून खोक्यात बसविल्या, की आजची 'आर्केड स्टिक' तयार होते. यंत्रे गेली, खेळ घरातील पडद्यावर आला, पण ज्यांचे हात त्या दांड्यावर घडले त्यांना अंगठ्याने चालणारे नेहमीचे नियंत्रक मानवेनात. जपानच्या सानवा, सेईमित्सु यांसारख्या कंपन्यांनी हे सुटे भाग बनविण्यात हयात घालविली आहे. अगदी अलीकडे, जून २०२५ मध्ये, सोनी कंपनीने स्वतःची बिनतारी आर्केड स्टिक जाहीर केली. 'फ्लेक्सस्ट्राइक' असे तिचे नामकरण पुढे झाले. दांड्याभोवतीची चौकट हत्यारांविना बदलता यावी, चौकोनी, गोल वा अष्टकोनी, अशी सोय तिच्यात आहे. तीस वर्षांपूर्वीच्या कपाटाचा हा एवढासा अवशेष जगातील एका बलाढ्य कंपनीला पुन्हा घडवावासा वाटला, ही गोष्ट साधी नाही.

चौकट बदलण्याचे एवढे अप्रूप का, हे मला भाच्याने झाकण उघडून दाखविले. दांड्याच्या तळाशी चार बाजूंना चार छोटे स्विच असतात. दांडा वळेल तिकडचा स्विच दाबला जातो आणि तिरका वळला तर दोन एकदम. म्हणजे आठ दिशा आणि मधली स्थिर जागा मिळून नऊ स्थाने होतात. संगणकाच्या कळफलकावर उजवीकडे अंकांचा जो चौकोन असतो त्यानुसार खेळाडूंनी या स्थानांना क्रमांक दिले आहेत. मधले पाच, खाली दोन, पुढे सहा. आगीचा गोळा फेकण्याचा प्रसिद्ध डाव लिहून दाखवायचा तर २३६ आणि ठोसा, म्हणजे खाली, खाली-तिरके, पुढे आणि लगोलग कळ. चौकट चौकोनी असेल तर दांडा कोपऱ्यात जाऊन ठाम बसतो, तिरकी दिशा हुकत नाही. गोल असेल तर दांडा सुळकन फिरतो, मात्र कोपरा हाताला लागत नाही. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते आणि काही डावांचे यशापयश अशा एक-दोन चित्रांच्या अंतरावर ठरते. हाताला हे अंतर कळू लागण्यासाठी महिनोन्‌महिने एकच डाव घोटावा लागतो.

'डाव घोटणे' हा शब्दप्रयोग लिहितानाच आपल्याला तालीम आठवावी, हे स्वाभाविक आहे. ढाक, कलाजंग, धोबीपछाड ही नावे घेतली की मातीचा वास येतो. प्रत्येक डावाला तोड असते आणि तोडीलाही प्रतितोड असते. प्रतिस्पर्ध्याचा तोल कोठे आहे, तो आता झेपावेल की थांबेल, हे त्याच्या हालचालीवरून ओळखावे लागते. लढतीच्या या खेळांचा गाभा नेमका तोच आहे. २००४ साली अमेरिकेतील 'इव्हो' स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहाराच्या खेळाडूचे प्राण जवळजवळ संपले होते. समोरच्या जस्टिन वाँगने पंधरा लाथांचा निर्णायक मारा सुरू केला. नुसता बचाव केला असता तरी दाइगो हरला असता, कारण तेवढ्यानेही उरलेसुरले प्राण झिजले असते. प्रत्येक लाथ अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी पुढच्या दिशेने एक टिचकी द्यायची, मागे हटायचे नाही, हा एकच मार्ग होता. दाइगोने पंधराही लाथा अशा झेलल्या आणि उलट वार करून लढत जिंकली. भाच्याने मला ते चित्रण दाखविले. सभागृहातील आरोळ्या ऐकताना मला कुस्तीच्या फडावर उडणारे फेटे आठवले.

अर्थात साम्य येथेच थांबते. खोक्यावर बसून छाती रुंद होत नाही आणि घाम येतो तो फार तर तळहाताला. ज्या विदर्भात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, ज्याच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, त्या विदर्भातील मुलाने संध्याकाळी मैदानावर जाऊ नये आणि खोक्यालाच व्यायाम समजावे, असे मी म्हणणार नाही. जो कोणी म्हणेल त्याच्याशी मी वाद घालीन. भाच्यालाही मी हेच सांगितले. तो सकाळी धावायला जातो असे त्याने सांगितले. बहिणीने दारातून "आठ दिवसांतून एकदा" अशी दुरुस्ती केली.

परंतु माझी खरी तक्रार निराळी आहे आणि ती आपणा वडीलधाऱ्यांविषयी आहे. आपण सारे खेळ एकाच पोत्यात भरतो. याला कारणही घडले. महाराष्ट्रात 'व्हिडिओ गेम पार्लर' या पाटीखाली काय काय चालले, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. करमणुकीचा परवाना भिंतीवर टांगायचा आणि आत पडद्यावरची चक्रे फिरवून पैसे लावायची यंत्रे बसवायची, असा धंदा गावोगावी फोफावला. पोलिसांचे छापे पडले, १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली खटले भरले गेले. त्या धुराळ्यात लढतीची साधी यंत्रेही बदनाम झाली आणि मागील पिढीच्या आईबापांच्या मनात 'गेम' आणि 'जुगार' हे शब्द कायमचे चिकटले. पुढे भ्रमणध्वनीवरील रमीने ती समजूत पक्की केली. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर यांच्यावर केंद्र सरकारने बंदी घातली, ती मात्र विदासुरक्षेच्या आणि देशाच्या सुरक्षिततेच्या कारणासाठी होती. आपल्याकडे पालकांनी तिचाही अर्थ 'गेम वाईट असतात' असाच लावला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा जो कायदा संमत केला, त्याने ही सरमिसळ निदान कागदावर तरी संपविली आहे. पैसा लावून जिंकण्या-हरण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवून घेणारे का असेनात, त्याने बंद केले. असा धंदा चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार ठरविले नाही. माझ्या बहिणीच्या घरापुरता हा कायदा तीन वर्षे उशिरा आला; तरीही आला, हे बरे झाले. त्याच कायद्याने ई-क्रीडेला वेगळे काढून मान्यता दिली आहे. क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत तर ई-क्रीडा डिसेंबर २०२२ मध्येच आली होती. शंकरपटावर कोणी पैजा लावतो म्हणून बैलजोडी पळविण्याचे कसब खोटे ठरत नाही. पैज लावणाऱ्याला धरावे, जोडी राखणाऱ्याला का?

रमीच्या त्या जाळ्यात आणि या खोक्यात मला दिसलेला भेद असा. दीर खेळत होता ते एकांतात, चोरून, ज्याचे तोंड कधी दिसले नाही अशा कोणाशी तरी. हरल्यावर पुन्हा खेळावे लागेल अशीच त्या यंत्रणेची रचना होती. भाच्याच्या खोलीत मात्र दोन खुर्च्या होत्या. गावातील तीन-चार मुले येतात, त्यांतील एक कोलाम पोडावरून सायकलने येतो, एकाची मातृभाषा तेलुगू आहे. हरलेला उठतो, दुसरा बसतो. माझ्या सीताबर्डीच्या खोलीतला रिवाज, नाणे वगळून. आंतरजालावरूनही खेळता येते, पण मुकुटबनला जोडणीचा वेग मधूनच मरतो आणि साठाव्या भागाच्या हिशेबाला तो चालत नाही. म्हणून नाइलाजाने का होईना, मुले समोरासमोर बसतात. या एका बाबतीत गावाच्या गैरसोयीचे मी आभारच मानले.

आणि जगात या क्षेत्रात काय चालले आहे तेही पाहावे. २०१९ साली फेब्रुवारीत जपानमध्ये आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत, 'टेक्केन' या लढतीच्या खेळाच्या दोन्ही प्रतिष्ठेच्या स्पर्धा एकाच तरुणाने जिंकल्या. तो होता लाहोरचा अर्सलान ॲश. ना मोठी प्रायोजक कंपनी, ना सरकारी प्रबोधिनी. शेजारी राष्ट्रातील खेळाडूचे कौतुक या पानावर वाचून काहींच्या भुवया उंचावतील, पण तो कसा तयार झाला हे पाहणे आपल्याच हिताचे आहे. लाहोरच्या गल्ल्यांतील नाणी टाकून खेळायच्या खोल्या बंद पडल्या नाहीत, तेथे रोज समोरासमोर लढणारे दांडगे प्रतिस्पर्धी मिळत राहिले, त्यांतून तो घडला. आपल्या खोल्या जुगाराने खाल्ल्या. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर फाइव्ह'साठी प्रथमच पदके होती. भारताचे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास हे दोघे उतरले, पदकापर्यंत पोहोचू शकले नाहीत. सुवर्ण जिंकले दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने, आणि तेव्हा त्याचे वय होते चव्वेचाळीस! पोरखेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

जाता जाता आणखी एक. 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये भारताचाही एक योद्धा आहे. धालसिम त्याचे नाव. गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे ताणणारे हातपाय आणि तोंडातून आगीचे लोळ. मागे हत्ती उभे. योगी म्हणजे असा, अशी समजूत जगभरच्या दोन पिढ्यांनी त्यावरून करून घेतली. आमच्या तरुणपणी यावर चिडून पत्रे लिहावीत असे आम्हाला वाटे. आज वाटते, चिडण्यात अर्थ नव्हता. जपान्यांनी ऐकीव माहितीवर एक भारतीय रंगविला, कारण आम्ही आमचा रंगवून कोणाला दाखविला नव्हता. पुण्यातील नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने २०२० साली 'राजी' हा खेळ आणला. आपल्या भावाला सोडवायला निघालेली एक मुलगी, पुराणकथांची पार्श्वभूमी, देवळे, राजवाडे, चित्रशैलीही येथली. तो समोरासमोरच्या लढतीचा खेळ नव्हे, साहसकथेचा आहे. परंतु पुण्यात बसून हे जमते, एवढे त्याने दाखवून दिले. मल्लखांब, दांडपट्टा, विटा यांचे डाव अंगात असलेला महाराष्ट्र आपला लढतीचा खेळ केव्हा करणार?

राहिला प्रश्न पैशाचा, आणि मुकुटबनला तोच पहिला असतो. चांगल्या प्रतीच्या स्टिकला परदेशात दीडशे-दोनशे डॉलर पडतात. येथे येईपर्यंत त्यावर कर आणि वाहतूक चढते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एका खोक्याला दोन क्विंटलहून अधिक कापूस, आणि तोही हमीभाव मिळाला तर. भाच्याने वडिलांजवळ तशी स्टिक मागितली होती. भाऊजींनी नकार दिला आणि तो योग्यच होता. मुलाने पंधरा दिवस तोंड पाडले, मग स्वतः करायला घेतली.

त्याने काय केले ते ऐकण्यासारखे आहे. सागाची फळी गावातील सुताराकडून, उरलेल्या तुकड्यांतून. दांडा आणि कळा टपालाने मागविल्या, तेवढे सुटे भाग बाहेरचे. आत काडेपेटीहून अरुंद अशी 'रास्पबेरी पाय पिको' नावाची पट्टी, जी काही शेकड्यांत मिळते. त्या पट्टीवर 'जीपी२०४०-सीई' ही आज्ञावली चढविली. ती जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिली असून कोणालाही विनामूल्य वापरता येते. तारा डाखण्याचे काम त्याने तंत्रनिकेतनात शिकलेल्या हाताने केले. दोन डाख सुटले, पुन्हा दिले. सारा खर्च बाजारातील स्टिकच्या चौथाईहून कमी आला. आणि एक कळ अडकू लागली की खोके टाकून न देता झाकण उघडून ती बदलता येते. तो म्हणाला त्याप्रमाणे, गोळ्याविना केवळ कळांची खोकी वापरणारेही नामवंत खेळाडू आहेत, साध्या नियंत्रकावर खेळून जिंकणारेही आहेत, तेव्हा महाग दांड्यावाचून अडते असे मुळीच नाही.

मला येथे एक सुचते. आपल्या तालुक्यांतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, सुतार आहेत, व्यायामशाळा आणि सार्वजनिक वाचनालये आहेत. संस्थेतील मुलांनी अशी दोन खोकी करावीत, एखाद्या व्यायामशाळेने जुना दूरदर्शन संच आणि एक खोली द्यावी. आधी तासभर मैदान, मग अर्धा तास खोके. नाणे नाही, पैज नाही, दार उघडे. संचालक म्हणतील, मुले मैदान सोडून खोक्यालाच चिकटतील. चिकटतीलही. पण आज ती मुले कोठे चिकटली आहेत, हे प्रत्येकाने आपल्या घरात रात्री अकरा वाजता पाहावे. पांघरुणाखालच्या उजेडापेक्षा चौघांदेखत हरणे मला अधिक सुरक्षित वाटते. वडीलधाऱ्यांनी त्या खोलीत डोकवावे, जमल्यास एकदा दांडा हाती घ्यावा.

मी घेतला. तीस वर्षांपूर्वीचा २३६ बोटांना आठवेल असे वाटले होते. नऊ लढती ओळीने हरलो. दहाव्या वेळी आगीचा गोळा एकदाचा निघाला तेव्हा भाच्याने "वा मामा!" म्हटले आणि त्याच वाक्यात मला पाडलेही. बहीण दारात उभी राहून पाहत होती. "हे असं समोरासमोर असते का?" तिने विचारले. मग म्हणाली, "दुसरी खुर्ची दिवाणखान्यात ठेव मंग. मले दिसलं पाहिजे."

निघताना कोपऱ्यात दुसरे खोके दिसले, अर्धवट. पोडावरून येणाऱ्या त्या मित्रासाठी ते चालले आहे. फळी झाली होती, तारा व्हायच्या होत्या, झाकणाला लागणाऱ्या लहान बिजागऱ्या मुकुटबनच्या दुकानात मिळाल्या नव्हत्या. वणीच्या बाजारात मिळाल्या. चार घेऊन पाठविल्या आहेत.